मारानेल्लोला जायचंय? मग आधी मोदेनात उतरा

इटलीच्या सहलीत फेरारीचं गाव बसवणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. सकाळी मिलान किंवा फ्लोरेन्सहून निघायचं, दुपारी मारानेल्लोच्या संग्रहालयात लाल गाड्यांसमोर फोटो काढायचे, दुकानातून टोपी घ्यायची आणि रात्री व्हेनिस गाठायचं. पहिल्या खेपेला मीही असंच केलं. गाड्या पाहून डोळे निवले, पण आपण नेमकं काय पाहिलं हे परतीच्या गाडीत सांगता येईना. दुसऱ्या खेपेला क्रम बदलला. आधी मोदेना, म्हणजे कंपनीचा संस्थापक एन्झो फेरारी याचं जन्मगाव, आणि दुसऱ्या दिवशी मारानेल्लो, म्हणजे कारखान्याचं गाव. तेव्हा कुठे सगळं जागच्या जागी बसलं. म्हणून माझा आग्रह आहे की दोन दिवस काढा आणि मुक्काम मोदेनात करा. जमलं तर तिसरा दिवसही ठेवा. तो कशासाठी, ते शेवटी सांगतो. मराठी माणसाने तो चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

जायचं कधी

एप्रिल ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. पो नदीच्या या सपाट खोऱ्यात जुलै-ऑगस्टचा उकाडा विदर्भाची आठवण करून देतो आणि हिवाळ्यात धुकं इतकं दाटतं की समोरचा रस्ता दिसत नाही. ऑगस्टचा मध्य तर टाळाच. १५ ऑगस्टच्या आसपास सगळा इटली सुट्टीवर असतो. कारखाना बंद, छोटी हॉटेलं बंद, गावात शुकशुकाट. संग्रहालयं वर्षभर उघडी असतात, फक्त २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद.

शक्यतो कामाचा वार निवडा. रविवारी बस कमी असतात आणि कारखान्याच्या फाटकाशी काही घडत नाही. अपवाद एकच, फॉर्म्युला वनच्या शर्यतीचा रविवार. फेरारी जिंकली की मारानेल्लोच्या सान बियाजो चर्चच्या घंटा वाजवायची इथे परंपरा आहे. शर्यत युरोपात असेल, तर दुपारी गावातच थांबून निकालाची वाट बघा.

निघण्यापूर्वीची कागदपत्रं

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची तारीख मिळणं हेच मोठं काम होऊन बसतं, म्हणून तीन-चार महिने हाताशी ठेवा. प्रवास विम्यात निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण हवं. तिथे गाडी चालवायचा विचार असेल, तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो आणि मूळ परवान्यासोबतच दाखवावा लागतो. एकटा त्याचा उपयोग नाही.

संग्रहालयाची तिकिटं घरूनच ऑनलाइन काढा. मोदेना आणि मारानेल्लो या दोन्ही संग्रहालयांचं मिळून एक तिकीट असतं. ते दोन स्वतंत्र तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. त्याच वेळी फियोरानो ट्रॅक, म्हणजे फेरारीच्या गाड्या तपासण्याचा ट्रॅक, आणि कारखान्याच्या आवाराची बसफेरी बघून ठेवा. तिच्या जागा मोजक्या असतात आणि त्या आधी संपतात. आधी बसफेरीची वेळ मिळवा आणि मग तिच्याभोवती बाकीचा दिवस रचा.

मोदेनाला पोहोचायचं

सगळ्यात सोयीचा विमानतळ बोलोन्याचा. तिथून मार्कोनी एक्सप्रेस नावाची मोनोरेल सात-आठ मिनिटांत मुख्य स्टेशनावर सोडते आणि पुढे साध्या प्रादेशिक गाडीने मोदेना अर्ध्या तासाच्या आत. मिलानहून याच प्रकारच्या गाडीने दोन तासांच्या आसपास लागतात. या गाड्यांना आरक्षण लागत नाही. पण छापील तिकीट असेल, तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर ठप्पा मारून घ्यायला विसरू नका. मोबाइलवर काढलं असेल, तर चढण्याआधी चेक-इन करा. तिकीट खिशात असूनही ठप्प्याअभावी दंड भरणारे पाहुणे तिथे रोज दिसतात.

एक बारीक गोष्ट. इटालियन 'द' आणि 'त' हे आपल्या 'द' आणि 'त'सारखेच आहेत. इंग्रजीच्या सवयीने 'मोडेना' म्हणण्यापेक्षा सरळ मराठी तोंडाने 'मोदेना' म्हणा, खिडकीपलीकडच्या माणसाला चटकन कळतं. आपल्यापैकी कित्येकांच्या कानावर हे नाव पहिल्यांदा पडलं ते २००२ साली. सचिनने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, म्हणून फियाटतर्फे मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना मिळाली होती. आपण ते मॉडेलचं नाव समजत होतो. ते या गावाचं नाव आहे.

पहिला दिवस: बापाचं वर्कशॉप

स्टेशनातून बाहेर पडून दहाएक मिनिटं चाललं की पाओलो फेरारी रस्त्यावर एक पिवळं धमक छप्पर दिसतं. गाडीचं बॉनेट असावं तसं वाकलेलं, हवा खेळायला खाचा असाव्यात तशा खिडक्या कापलेलं. हे एन्झो फेरारी संग्रहालय. यान काप्लित्स्की या चेक वास्तुविशारदाचं हे काम. तो २००९ साली गेला आणि संग्रहालय उघडलं २०१२ मध्ये. रंग पिवळा, कारण पिवळा हा मोदेना शहराचा रंग. फेरारीच्या चिन्हातल्या काळ्या घोड्यामागेही तोच पिवळा आहे.

बहुतेक लोक या छपराखाली धावतात. तुम्ही आधी शेजारच्या विटांच्या जुन्या घराकडे वळा. एन्झोचा जन्म १८९८ सालचा, याच घरातला. वडील आल्फ्रेदो धातुकाम करायचे, रेल्वेला माल पुरवायचे, आणि घराला लागूनच त्यांचं लांबलचक वर्कशॉप होतं. आज त्या वर्कशॉपमध्ये फेरारीची इंजिनं मांडली आहेत. नवी इमारत या घरापेक्षा उंच होऊ दिलेली नाही, तिचा बराचसा भाग जमिनीत उतरवला आहे. जगभर नाव झालेल्या कंपनीने लोहाराच्या घरापुढे मान खाली घातल्यासारखं ते दिसतं आणि मला ते फार आवडलं.

इंजिनांच्या दालनात तासभर तरी काढा. बाहेरच्या देखण्या पत्र्यापेक्षा आत काय आहे यावर एन्झोचा जीव होता, आणि ते इथे उघडं दिसतं. बारा सिलिंडरची इंजिनं शोधा. कंपनीची पहिली गाडी, १२५ एस, तिच्यासाठी जोआकिनो कोलोम्बो या अभियंत्याने केवळ दीड लिटरचं इंजिन बारा सिलिंडरमध्ये विभागलं होतं. म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे १२५ घनसेंटिमीटर. नावातला १२५ हा आकडा तिथून आलाय. आपल्याकडच्या एका साध्या मोटरसायकलएवढा एकेक सिलिंडर, असे बारा. हे डोक्यात ठेवून पुढची इंजिनं पाहिलीत, तर मॉडेलांच्या नावातले बरेच जुने आकडे आपोआप उलगडतात. २५० म्हणजे एका सिलिंडरला २५० घनसेंटिमीटर, बारा सिलिंडरचे मिळून तीन लिटर.

घराची कहाणी कळली की माणूस कळायला लागतो. १९१६ मध्ये वडील आणि थोरला भाऊ दोघेही गेले. सैन्यात एन्झोला खेचरांना नाल ठोकायचं काम मिळालं. युद्धानंतर तो नोकरीसाठी तोरिनोला फियाटच्या दारात गेला आणि नकार घेऊन परतला. त्याच फियाटने १९६९ साली त्याच्या कंपनीचा निम्मा हिस्सा विकत घेतला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली आपली पद्मिनी मुळात फियाट ११०० होती, त्यामुळे या गोष्टीतलं एक पात्र आपल्या घरचं आहे असं मला तिथे उभं असताना वाटत राहिलं.

संग्रहालयाला दोन ते अडीच तास पुरतात. दुपारी जुन्या गावात जा. पियात्सा ग्रांदे हा चौक, तिथलं १०९९ साली बांधायला घेतलेलं कॅथीड्रल आणि गिर्लांदिना मनोरा १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मनोऱ्यावर चढता येतं. वेळ आणि इच्छा असेल, तर सान कातालदो दफनभूमीतही जाऊन या, स्टेशनापासून पायी अर्धा तास. १४ ऑगस्ट १९८८ ला एन्झो गेला, तो तिथल्या कौटुंबिक समाधीत आहे. चोविसाव्या वर्षी, १९५६ साली दगावलेला मुलगा दीनोही तिथेच. 'दीनो' हे नाव ज्या गाड्यांना आणि सहा सिलिंडरच्या इंजिनांना मिळालं, तो हा मुलगा. मारानेल्लोच्या संग्रहालयाचा रस्ताही त्याच्याच नावाचा आहे.

खाणं: शाकाहाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा

मोदेनात एका स्वराच्या फरकाने जेवण बिघडतं. 'तोर्तेलिनी' म्हणजे छोट्या गाठी, आत डुकराचं मांस, आणि बहुधा मांसाच्याच रश्शात. 'तोर्तेलोनी' म्हणजे मोठ्या गाठी, आत साधारणपणे रिकोत्ता चीज आणि पालक, वरून लोणी आणि सेजची पानं. शाकाहाऱ्यांनी 'लोनी'वर बोट ठेवायचं. भोपळ्याचे गोडसर 'तोर्तेली दी झुक्का' मिळाले, तर सोडू नका.

'न्योक्को फ्रित्तो' दिसायला आपल्या पुरीचा भाऊ. टम्म फुगलेला, गरमागरम. पण परंपरेने तो डुकराच्या चरबीत तळतात. तिला 'स्त्रुत्तो' म्हणतात. 'सेन्झा स्त्रुत्तो?' एवढं विचारून घ्या. आणि जे कटाक्षाने शाकाहारी आहेत, जैन आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं की पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं. ते जवळपास प्रत्येक थाळीवर किसून येतं. 'सेन्झा पार्मिजानो' म्हटलं की घालत नाहीत, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

दुपारचं जेवण अडीचच्या आत. त्यानंतर स्वयंपाकघरं बंद होतात, ती रात्री सातनंतरच उघडतात. उशीर होईलसं वाटलं, तर आधीच आल्बिनेल्ली बाजार गाठा. १९३१ पासूनची ही झाकलेली मंडई आहे आणि दुपारपर्यंत तिथे फळं, ब्रेड, चीज, सगळं मिळतं. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो दिसतील. ते बसण्याचे पैसे आहेत, फसवणूक नव्हे.

न्यायची वस्तू म्हणाल, तर माझ्या मते टोपीपेक्षा पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर. निदान बारा वर्षं लाकडी पिंपांतून मुरलेलं, बारीक बाटलीतलं. ती १०० मिलिलिटरची बाटली ज्योर्जेत्तो ज्युजारो या मोटारींच्या डिझायनरने घडवली आहे, म्हणजे या सहलीला ती शोभतेच. सुपरमार्केटातलं स्वस्त बाल्सामिक वेगळं, त्यावर 'त्रादित्सिओनाले' हा शब्द नसतो. बाटली मोठ्या बॅगेत ठेवा, विमानात हातातल्या सामानात चालणार नाही.

दुसरा दिवस: मारानेल्लो

अंतर सुमारे १८ किलोमीटर. दोन पर्याय. संग्रहालयाची शटल बस मोदेना स्टेशन आणि पिवळ्या छपराच्या संग्रहालयाजवळून सुटते. थोडी महाग, पण दारात सोडते. दुसरा पर्याय म्हणजे बसस्टँडवरून सुटणारी साधी बस. ती स्वस्त पडते आणि कामावर निघालेली माणसं सोबत असतात. तिकीट 'ताबाक्की', म्हणजे तंबाखू-स्टॅम्पच्या दुकानातून आधीच घ्या. परतीची शेवटची बस किती वाजता, हे सकाळीच पाहून कागदावर लिहून ठेवा. एकदा संध्याकाळी मी ते विसरलो आणि टॅक्सीची वाट पाहत एका कॅफेच्या पायरीवर तासभर बसलो. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी मिळत नाही, फोन करून बोलवावी लागते. अवजड बॅगा मोदेनाच्या हॉटेलात ठेवूनच निघा.

संग्रहालय उघडतं साडेनऊला. त्या पहिल्या तासात शिरा. अकरानंतर सहलींच्या बसेस येतात आणि गाडीभोवती फिरायला जागा उरत नाही. दालनांतली मांडणी दरवर्षी बदलते, म्हणून अमुक गाडी दिसेलच असं मनात धरून जाऊ नका. पण विजेत्यांचं दालन चुकवू नका. जगज्जेत्या ठरलेल्या फॉर्म्युला वन गाड्या अर्धवर्तुळात उभ्या आहेत आणि मागे भिंतभर करंडक. नव्या गाड्यांपुढे गर्दी असते. तुम्ही जुन्या गाडीजवळ खाली वाका आणि चालकाचं आसन बघा. पेट्रोलच्या टाकीला जवळजवळ टेकून, पट्ट्याशिवाय ही माणसं ताशी अडीचशेने जायची.

सिम्युलेटरचे पैसे वेगळे. मुलं बरोबर असतील, तर आत शिरल्याशिरल्या वेळ घेऊन ठेवा.

आता कारखान्याबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त निराशा पदरी पडते. कारखान्याच्या आत सामान्य पाहुण्यांना जाता येत नाही. ते भाग्य फेरारीच्या ग्राहकांचं. आपल्याला मिळते ती बसफेरी. आवारातल्या मुख्य रस्त्यावरून आणि फियोरानो ट्रॅकच्या बाजूने बस नेते, माहिती सांगतात, पण खाली उतरायचं नाही आणि फोटो काढायचे नाहीत. तरी घ्यावी का? माझं मत, घ्यावी. गाडीवर हवेचा झोत सोडून ती तपासतात तो, रेंझो पियानो या वास्तुविशारदाने उभारलेला वाऱ्याचा बोगदा बाहेरून दिसतो, तो एखाद्या यंत्राचा सुटा भाग जमिनीवर टेकवून ठेवावा तसा आहे. आणि ट्रॅकच्या मध्ये असलेलं एन्झोचं लाल खिडक्यांचं पांढरं घर दिसतं. सुमारे तीन किलोमीटरचा हा ट्रॅक त्याने १९७२ साली बांधून घेतला. गाडी घराशेजारीच तपासता यावी म्हणून.

बसफेरीनंतर चालत आबेतोने रस्त्यावर जा. संग्रहालयापासून दहा-पंधरा मिनिटं. इथे कारखान्याचं जुनं फाटक आहे, वर पिवळ्या अक्षरांत 'फेरारी'. १९४३ मध्ये युद्धामुळे एन्झोने कारखाना मोदेनातून इथे हलवला, १९४४ मध्ये त्यावर बॉम्ब पडले, पुन्हा बांधला. १२ मार्च १९४७ ला १२५ एसचा नुसता सांगाडा, वर पत्रा नाही, अशी गाडी स्वतः चालवत तो याच फाटकातून रस्त्यावर आला. मे महिन्यात पिआचेंत्साला पहिल्याच शर्यतीत ती पुढे असताना बंद पडली. दोनच आठवड्यांनी, २५ मेला, फ्रांको कोर्तेसेने तीच गाडी रोममध्ये जिंकून दाखवली. काल ज्या वर्कशॉपमध्ये तुम्ही उभे होतात तिथून या फाटकापर्यंतचं अंतर एका दिवसात ओलांडलं की संग्रहालयातल्या शेकडो कोटींच्या गाड्यांकडे नजर वेगळ्या तऱ्हेने जाते.

दुपारी पाळी सुटायच्या वेळेला इथे थांबा. लाल कपड्यांतले कामगार बाहेर पडतात, सायकली, साध्या छोट्या गाड्या, पाठीला पिशव्या. मला पिंपरी-चिंचवडचं पाळी सुटल्यानंतरचं फाटक आठवलं. समोरच 'कावाल्लीनो' हे हॉटेल. एन्झो इथे जेवायचा. २०२१ मध्ये मास्सिमो बोत्तुरा या मोदेनाच्याच शेफच्या हाताखाली ते नव्याने उघडलं. आधी टेबल राखून ठेवावं लागतं आणि खिसा सैल सोडावा लागतो.

नंतर फियोरानोच्या कुंपणाच्या बाजूने एक चक्कर मारा. चाचणी चालू असेल, तर आवाज लांबूनच ऐकू येतो. आत काही नसेल तर दहा मिनिटांत निघा, वाट पाहण्यात अर्थ नाही. गावातल्या रस्त्यांवर नक्षीदार कागद चिकटवलेल्या, अजून बाजारात न आलेल्या गाड्या अधूनमधून जातात. त्या बघायला कुंपण लागत नाही.

भाड्याची फेरारी चालवावी का?

संग्रहालयाबाहेर दहा, वीस, तीस मिनिटांसाठी फेरारी देणारे खासगी लोक उभे असतात. त्यांचा कंपनीशी संबंध नाही. मोह होणं साहजिक आहे, मलाही झाला आणि मी एक फेरी घेतली. सांगायचं ते एवढंच: सही करण्यापूर्वी विम्याचा कागद वाचा. गाडीला ओरखडा गेला तर तुमच्या खिशातून किती जाणार, तो आकडा विचारा आणि कार्डावर किती रक्कम अडकवणार तेही. निघण्यापूर्वी गाडीभोवती फिरून मोबाइलवर चित्रण करा. शेजारी त्यांचा माणूस बसतो. रस्ते साधे गावातले आहेत, गतिरोधक, चौक, वेग टिपणारे कॅमेरे, आणि दंड तुमच्या नावावर येतो. डाव्या हाताचं स्टीअरिंग पहिल्यांदाच धरत असाल, तर हा प्रयोग सोडून द्या. ते पैसे बसफेरी आणि चांगल्या जेवणात घाला.

लॅम्बोर्गिनीचं गाव सांतागाता बोलोन्येसेही याच टापूत आहे, पण तिथे रेल्वे नाही. ट्रॅक्टर बनवणाऱ्या फेरूच्चोने १९६३ मध्ये सुरू केलेली ती कंपनी पाहायची, तर अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवा. तिसरा दिवस एकच असेल, तर मात्र माझं ऐका आणि लुगोला जा.

तिसरा दिवस: घोड्याचं गाव आणि सेनिओ नदी

फेरारीचा घोडा मुळात फेरारीचा नाही. तो फ्रांचेस्को बाराक्का या पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकाच्या विमानावर होता. ३४ विमानं पाडून तो जून १९१८ मध्ये कामी आला. १९२३ साली राव्हेन्नाजवळची शर्यत एन्झोने जिंकली, त्यानंतर बाराक्काच्या आईवडिलांशी त्याची ओळख झाली आणि हा घोडा गाडीवर लाव, तो तुला लाभेल, असं आईने सांगितलं. १९३२ पासून तो गाड्यांवर आहे. बाराक्काचं गाव लुगो. बोलोन्याहून राव्हेन्नाकडे जाणाऱ्या गाडीने तासाभराच्या आसपास. त्याच्या घरातच छोटं संग्रहालय आहे, एक स्पॅड विमान आहे, चौकात उंच पंखाचं स्मारक आहे. दीड तासात होतं.

मग लुगोच्या पूर्वेला वाहणाऱ्या सेनिओ नदीवर जा, टॅक्सीने किंवा सायकलने. नदी लहान आहे, आपल्याकडच्या एखाद्या ओढ्याएवढी, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले मातीचे उंच बांध आहेत. दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ ला, या बांधांच्या लढाईत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव होते, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमज गावचे. दोन जखमी साथीदारांना त्यांनी एकापाठोपाठ एक पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणलं. मग परत जाऊन मशीनगनच्या ठाण्यांवर एकट्याने चाल केली, आणि शेवटी बांधावर चढून मराठ्यांचा युद्धघोष करत बाकीच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

बांधावरून चालायला पायवाट आहे. पाणी आणि टोपी घेऊन जा, सावली नाही. निमजचा माणूस कुठे उभा असेल याचा अंदाज घेत मी तिथे बराच वेळ होतो. संध्याकाळी लुगोहून बोलोन्याला परतणाऱ्या गाड्या आहेत, फक्त रविवारी त्या विरळ असतात. स्टेशनात शिरताना वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.